साहेब, आधी ऐका!

सरकारी ऑफिसात किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते रोज डब्याबरोबर येतात. चेन्नईतल्या आमच्या ऑफिसात तर फारच. सगळे हसतात, मीही हसतो. पण घरी आल्यावर तेच किस्से झोपू देत नाहीत.

*

नोकरीच्या पहिल्या दिवशी संविधानाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ होती. नुकताच राज्यशास्त्र शिकून आलेलो, एकेक शब्द मनात घोळवत म्हणत होतो. अर्ध्यावर थांबलो.

शपथ देणारे क्लार्क कळवळून म्हणाले, "सार, जरा लवकर! इडली थंड होतेय!"

*

एन्नोरजवळच्या एका कोळीवाड्यापुढे कंपनीला जेट्टी बांधायची होती. आमच्या ऑफिसने परवानगी देण्याआधी गावाचं ऐकून घ्यायचं, असा कायदा. त्सुनामीतून जेमतेम सावरलेलं गाव. जेट्टी झाली की बोटी लावायला जागाच उरणार नव्हती.

मी मोठ्या साहेबांना विचारलं, "सर, सुनावणी कधी?"

"नोटीस दिली की पेपरात!"

"इंग्रजी पेपरात, सर. कोळी लोक तो घेत नाहीत."

"मग मासे कशात गुंडाळतात?"

*

शेवटी गावातली मारियम्मा स्वतःच आली. मासळी विकणारी, आवाज खणखणीत. साहेबांच्या केबिनबाहेर शिपायाने तिला चपला काढायला लावल्या. मागून आलेला कंपनीचा माणूस बुटांसकट आत गेला!

मी तडकलो. "घटनेपुढे सगळे समान आहेत!"

आमचे सुपरिंटेंडेंट गोविंदराव तंजावरचे. मराठी जुन्या वळणाचं, त्यात तमिळ मिसळलेलं; मला 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. हळूच म्हणाले, "घटना बरोबरच आहे, तंबी. पण साहेबांचें कार्पेट नवें आहे."

*

त्यांच्यावरही चिडलो. "तुम्हाला काहीच वाटत नाही?"

गोविंदरावांनी हातातली फाइल बाजूला ठेवली. "वाटतें की. नोकरीस लागलों तेव्हां म्हटलें, एक तरी साहेब असा बघेन, जो आलेल्या माणसास आधी 'बसा' म्हणेल." मग हसले. "आता रिटायरमेंट आली, तंबी. अजून वाट बघतों आहें."

मलाही तोच साहेब हवा होता.

*

मी रोज आठवण करून देत होतो. कंटाळून साहेबांनी सुनावणी ठेवली, गावातच! लोकांनी ताडपत्री बांधली, खुर्ची आणली, तिच्यावर धुतलेला टॉवेल घातला. त्या दिवशी कुणी समुद्रावर गेलं नाही.

गाडी आली. आत फक्त ड्रायव्हर मुरुगेसन. "साहेब मीटिंगमध्ये आहेत. सुनावणी झाली असं लिहून आणा म्हणाले."

मला तोंड वर करवेना.

मारियम्मा पुढे आली. "काय रे, गाडी सरकारची ना? पगार सरकारचा ना? मग तूच ऐक!"

मुरुगेसन खुर्चीत बसला नाही. तिच्या शेजारी उन्हात उभा राहिला. एकेक जण बोलत गेला, आणि शेवटच्या म्हाताऱ्याचं होईपर्यंत तो हलला नाही.

संध्याकाळी साहेब घरी जायला पोर्चमध्ये आले. रोज मुरुगेसन धावत येऊन गाडीचं दार उघडतो. आज तो हँडल धरून उभा राहिला.

"सार, गाव काय म्हणालं ते सांगतो. मग निघू."

"उद्या सांग."

"मारियम्माची बोट, सार..." त्याने सुरुवात केली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मुरुगेसनने हँडलवरचा हात काढला नाही.