गोजरबाईचा नवा अंगठा

देऊळघाटच्या गोजरबाईनं माहेराहून दोन गोष्टी आणल्या होत्या. मेथी-कोथिंबिरीच्या घट्ट जुड्या बांधणारा हात आणि अर्धशिशी. कडबा कापायच्या यंत्रात उजव्या हाताचा अंगठा गेला. अर्धशिशी मात्र इमानदार, ती कुठं जाते!

अंगठ्याविना ना विळा धरता येई, ना भाकर थापता येई. सासू जनकाबाई तोंडानं काही बोलत नसे, पण भांडी आपटून बरंच सांगे. शेवटी नवरा निवृत्ती तिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पायाचं बोट काढून हाताला अंगठा म्हणून बसवलं, दुर्बिणीखाली केसाएवढ्या नसा जोडल्या. गाव कसलं गप्प बसतं! "आता वहिनी हातानं चालतीन का बे?" असं पारावर कुणीतरी म्हणालंच.

निघताना डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून बजावलं होतं. नसा अजून कच्च्या आहेत, त्या आवळल्या की अंगठा उपाशी मरेल. म्हणून चहा बंद, तंबाखू बंद, घरात विडीसुद्धा नको. अर्धशिशीवरची तिची नेहमीची गोळी तर मुळीच नको, कारण ती नसाच आवळते. डोकं दुखलं तर त्यांनी दिलेली साधी गोळी घ्यायची आणि अंधारात पडून राहायचं. अंगठा गार किंवा पांढरा पडला, तर आहे तसं उठून दवाखाना गाठायचा.

"तंबाखू तं म्या जल्मात खाल्ली नाही," गोजरबाई म्हणाली. खोटं बोलली नाही ती.

घरी आल्यावर काही दिवसांतच अर्धशिशी उठली. डाव्या डोळ्यामागं कुणी पहार घालत होतं. साध्या गोळीनं काही हललं नाही. जनकाबाईनं अर्धशिशीवरचा उतारा म्हणून दिवस उगवायच्या आत दूध-जिलबी चारली, ती उलटून पडली. मग सासूनं पेटीतली तिची जुनी, नेहमीची गोळी काढली.

"घे वं. एका गोयीनं काय होते?"

"नोको, आत्याबाई."

"काऊन?"

"डोकं फुटलं तं फुटू द्या. आंगठा राह्यला पाह्यजे."

सासूनं गोळी परत ठेवली. गोजरबाई भिंतीकडे तोंड करून पडली. दुखून दुखून ती इतकी थकली होती की कण्हायचाही कंटाळा आला होता. उशाशी तेवढी मिसरीची डबी होती. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि बोटानं दातांवर घासत बसायचं, एवढाच तिचा विसावा. त्या दिवशी तिनं डबी खालीच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी अंगठा गार आणि पांढराफटक पडला. निवृत्तीनं तिला पहिल्या एस.टी.नं बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मुंबईचा कागद वाचला.

"ती गोळी घेतली?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही जी."

"चहा? तंबाखू?"

"नाही."

डॉक्टरांचं लक्ष तिच्या काळ्या दातांकडे गेलं. "मिसरी लावता?"

"हाव. दात घासाले."

"कशाची करता ती?"

सांगायला गोजरबाईनं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तंबाखू पुरुषांची, मिसरी बायकांची. घरात कुणी दोन्हींची नावं एका दमात घेतलीच नव्हती. डोकं फुटू दिलं, पण ती गोळी घेतली नाही, चहाचा घोट घेतला नाही, आणि हे विष स्वतःच्या हातानं भाजून खाल्लं! तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूही येईना.

डॉक्टरांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. तिकडून सांगितलं तसा हात ऊबदार कापसात गुंडाळला. रक्त खेळतंय का ते बघायला अंगठ्याच्या टोकाला सुई टोचून पाहिली. रक्त आलं नाही.

"संध्याकाळी परत बघू. तेव्हाही रक्त आलं नाही, तर रात्रीच मुंबई गाठा."

दुपारभर ती बाकावर पडून होती. डोकं ठणकतच होतं, पण आज त्याची दखल घ्यायला तिला सवड नव्हती. निवृत्ती समोर उकिडवा बसला होता. 

ऊन उतरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा सुई टोचली. क्षणभर काहीच नाही. मग टोकावर लाल थेंब फुगला, अगदी ताजा. डॉक्टरांनी हसत कापसाचा बोळा उचलला, तशी गोजरबाईनं डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नोका, डाक्टरसाहेब. पाहू द्या मले थोडं."