पट्ट्यांमधला डिंक

आमच्या भजनी मंडळाची पेटी मी बिघडवली आणि दोन महिने गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मधेच माझी हिंमत जाईल.

साल दोन हजार आठच्या आसपासचं. नरसीजवळच्या आमच्या गावातून मी रोज हिंगोलीला बियाण्यांच्या दुकानात कामाला जायचो. पेटी शिकायची फार हौस, पण शिकवणी परवडत नव्हती. मग कळलं की इंटरनेट कॅफेत पेटीचे धडे फुकट बघता येतात, भाडं फक्त संगणकाचं. चित्र मात्र इतकं अडकायचं की गुरुजी ‘सा’ला तोंड उघडायचे आणि ‘रे’ येईपर्यंत तसेच बसायचे. तोवर मी टेबलावर बोटं चालवायचो.

“भाऊ, टेबल काहून बडवून राहिले?” शेजारचं गिऱ्हाईक विचारायचं.

“पेटी शिकून राहिलो.”

“मंग आवाज कुठं हाय?”

आवाज मंडळाच्या पेटीत होता. ती मारुतीच्या देवळात असायची आणि देवळाची चावी माझ्याकडं. संगणकावरच्या गुरुजींनी पट्ट्यांवर अक्षरं लावलेली बघून मीही कागदाचे तुकडे कापले, सा रे ग म लिहिलं आणि बाभळीच्या डिंकानं चिकटवले. गुरुवारी भजनाआधी ओल्या फडक्यानं पुसून टाकले. पातळ झालेला डिंक फटींत उतरला, ते मला दिसलं नाही.

पेटी वाजवायचे आबा. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षं त्या जागेवर बसलेले. पहिल्याच अभंगाला एक पांढरी पट्टी खाली गेली ती वर येईना. भाता चालू, सूर चालू, अभंग एकीकडं आणि पेटी दुसरीकडं.

“आबा, बोट उचला की!” टाळकरी ओरडला.

आबांनी दोन्ही हात वर केले. “हे बघा बोटं! पेटीच रडून राहिली त्याला मी काय करू?”

सगळे हसले. मीही हसलो. “आबांची बोटं जड झाली आता,” कुणीतरी म्हणालं, आणि पुढच्या गुरुवारी आबा आलेच नाहीत.

मंडळानं पेटी माझ्यापुढं सरकवली. मी संगणकावर शिकलेला ना! अडकलेली पट्टी नखानं मोकळी करताना फटीत माझाच डिंक दिसला, तरी मी हावरटासारखा बसलो. दुसरा धडा कधी पुरता उघडलाच नव्हता, त्यामुळं पुढचे दोन महिने गावानं कुठलाही अभंग एकाच चालीवर म्हटला.

शेवटी आबांच्या ओसरीवर गेलो आणि सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

“मला काहून सांगून राहिला? मी हसलो व्हतो का? जे हसले त्यायला सांग.”

गुरुवारी आबांना घेऊन देवळात गेलो. पट्ट्या सगळ्यांसमोर काढल्या, वाळलेला डिंक नखानं खरवडून तळहातावर घेतला.

“आबांची बोटं जड न्हाई झाली,” मी म्हणालो. “डिंक माझा. चोरून लावला, लपवला, वर तुमच्यासंगं हसलोबी. आबा, तुमच्या जागेवर मी बसलो. माझं चुकलं. मला माफ करा.”