गौराक्काला न दिलेली पोच

तुमच्या घरात, कपाटावर, एखाद्या पिशवीत, दुसऱ्या कुणाचे कागद पडून आहेत का? 'द्या इकडं, मी बघते' असं म्हणून तुम्हीच घेतलेले?

माझ्याकडे आहेत. कापडाच्या दुकानाची पिवळी पिशवी आहे, तिच्या बंदांना गाठ मारलेली. या पिशवीबद्दल मी आजवर कुणाशी बोललेले नाही. वडिलांशी नाही, सोबत काम करणाऱ्यांशी नाही. जिची ती पिशवी आहे तिच्याशी तर — नाहीच.

आधी मी कोण ते सांगते. की मुद्द्यावर यायला मी वेळ काढते आहे? असेल तसंही. माझे वडील गिरणी कामगार. गिरणी बंद पडली, पण त्यांची पत्रकं बंद पडली नाहीत. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या शाळेच्या वह्यांना असायची. भूगोलाच्या वहीवर लिहिलेलं असायचं, 'सही करण्याआधी वाचा'. मोठी झाले तशी मीही लिहू लागले. वजनात मारणाऱ्यांवर, खोट्या शिक्क्याच्या विजेच्या सामानावर, बिल न देणाऱ्या दुकानांवर. सात रस्त्याच्या चौकात घडीचं टेबल मांडून वाटायची. सगळ्यात गाजलं ते 'पोच घ्या'. अर्ज कुठंही द्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शिक्का नसेल तर तुम्ही आलाच नव्हता, असं त्यात होतं. ते शेवटचं वाक्य लोक मला म्हणून दाखवायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

गौराक्का आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. कडक भाकऱ्या करून विकते. आई कामावर असायची, त्यामुळे शाळेतून आल्यावरची माझी पहिली भाकरी गौराक्काच्या तव्यावरची. ती माझी नात्यानं कुणी नाही. नातं म्हणजे आणखी काय असतं, मला माहीत नाही.

तिनं नवा कुकर घेतला. सहाव्या दिवशी त्याचं झाकण उडालं. वाफ कोंडली की आधी वितळायला हवा तो व्हॉल्व्ह वितळला नाही, आणि उकळती डाळ तिच्या उजव्या हातावर आली. हात बरा झाला, म्हणजे जखम भरली. पण तळहाताची कातडी आखडली. बोटं पुरती उघडत नाहीत. भाकरी थापायला तळहात सपाट लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

दवाखान्यातून आल्यावर तिनं ती पिवळी पिशवी माझ्या हातात दिली. बिल, गॅरंटी कार्ड, दवाखान्याचे कागद, वाकलेल्या झाकणाचा फोटो. 'आता आमची वकीलबाई बघंल,' असं ती शेजारणीला म्हणाली. मी वकील नाही, हे तिला माहीत होतं. मी चिडते म्हणून मुद्दाम म्हणायची.

तिनं माझ्याकडून पोच घेतली नाही. घरच्या माणसाकडून कोण घेतं?

मग मी काय केलं? मी लिहिलं. तक्रार नव्हे — पत्रक. तिचं नाव न घालता तिच्या हातावर लिहिलं, इतकं रागानं लिहिलं की सभेत वाचल्यावर लोक उठून उभे राहिले. तक्रार मात्र राहिली. तक्रारीला प्रतिज्ञापत्र लागतं, प्रती लागतात, पानांवर आकडे घालावे लागतात. मला कंटाळा आला. कंटाळा — याहून मोठा, जरा शोभणारा शब्द मी शोधून पाहिला आहे. नाही सापडला. पिशवी पत्रकांच्या गठ्ठ्याखाली गेली. ग्राहक आयोगात जायला कायदा दोन वर्षं देतो. मला आठवण झाली तेव्हा दोन वर्षं उलटून तीन आठवडे झाले होते.

मुदत गेली तरी दार बंद होत नाही, हे मला ठाऊक होतं. लोकांना मीच सांगत आले आहे. उशीर माफ करावा असा अर्ज देता येतो. फक्त उशिराचं कारण लिहावं लागतं. शपथेवर.

कारण मी होते.

एका दुपारी ती तव्यापाशी बसली होती, तिनं विचारलं, 'काय झालं गं आपल्या केसचं?' आपल्या, म्हणाली. आणि मी — तिच्याकडे न बघता, चप्पल काढता काढता — म्हणाले, 'फेटाळली, अक्का.'

तिनं तव्याखालची आच कमी केली. मग त्या अर्ध्या मिटलेल्या हातानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. 'इरली बिडु,' म्हणाली. असू दे, सोड — घरच्या मायेचं बोलणं ती कन्नडातच बोलते. 'तू लढलीस की माझ्यासाठी. लई झालं. जेवलीस का?'

आणि मी जेवले. हे मला सगळ्यात अवघड जातं आहे. भाकरी डाव्या हातानं थापलेली होती, एका कडेला जाड, एका कडेला फाटलेली. मी ती पुरती खाल्ली.

या गोष्टीला वर्ष होत आलं. गेल्या महिन्यात पत्रकं वाटत मी अक्कलकोट रोडच्या बाजूला गेले. तिथं लक्ष्मी राहते. तिचा नवरा एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर कामाला आहे. पूर्वी ते आमच्या गल्लीत होते. तिच्या शेगडीवर तोच कुकर. त्याच कंपनीचा. झाकणाच्या कडेनं वाफ सुटत होती, आणि शेजारी तिची मुलगी पाढे लिहीत बसली होती.

'शिट्टी हुईना झाली की चमच्यानं ठोकते,' लक्ष्मी म्हणाली.

मी गॅस बंद केला. तक्रार दे म्हणाले, कसं, कुठं, सगळं सांगितलं. ती माझ्याकडे मायेनं बघून हसली. लहान मुलाकडे बघतात तशी.

'कशाला वो ताई? गौराक्कासाठी तुमी एवढं भांडला, फेटाळलंच की. सगळ्या गल्लीला म्हाईत हाय. आमाला कोण इचारतंय?'

सगळ्या गल्लीला. माझ्या कुठल्या पत्रकाला इतके वाचक मिळाले होते? मी ओळ न् ओळ पुन्हा पुन्हा घासून लिहिली, आणि लोकांनी मनावर घेतला तो माझा एक शब्द. खोटा होता तो.

आमच्या घरचा कुकर मी लक्ष्मीला नेऊन दिला. त्याबद्दल मला कुणी चांगलं म्हणू नये.

उशीर माफीचा अर्ज काल लिहिला. कारणाच्या जागी माझं नाव घातलं आहे. आयोग तो मानेल की नाही, मला ठाऊक नाही. उद्या सकाळी, हे छापायला जाण्याआधी, मी गौराक्काकडे जाणार आहे. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन, पहिल्या ओळीपासून. मग ती माझ्याबरोबर आयोगात येईल, किंवा पिशवी काढून घेईल आणि दार लावेल. दोन्ही तिचं आहे.

तुम्ही मात्र एक करा. तुमच्याकडे दुसऱ्याचा कागद असेल तर आज जिथं द्यायचा तिथं नेऊन द्या, नाहीतर आजच परत करा. आणि कुणाच्या हाती आपला कागद देत असाल, तर ते माणूस कितीही जवळचं असो, कितीही चांगलं बोलणारं असो, आपल्या प्रतीवर त्याची सही घ्या, खाली तारीख घ्या. माझ्याकडे आलात तर माझीसुद्धा. मी सही करीपर्यंत कागद सोडू नका.