निशातगंजमधले हिरवे बाक
परवा गॅलरीच्या ग्रिलला रंग देणं चाललं होतं, त्या वासानं मला निशातगंजमधल्या आमच्या गल्लीतले नवे हिरवे बाक आठवले. यजमानांची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही नागपूरहून लखनौला आलो होतो आणि वर्ष होत आलं तरी माझी कुणाशी धड ओळख नव्हती. गल्लीच्या टोकाला कायम कचऱ्याचा ढीग असायचा. मोहल्ल्यातल्या एका छोट्या संस्थेनं तो उचलून जागा सपाट केली, कडेनं सदाफुली लावली आणि समोरासमोर बाक मांडले. पण तिथंच राहणारे एक निवृत्त काका बिथरले. "यहाँ दिन भर लफंगे बैठेंगे, हटवाइए इन्हें," असं ते संस्था चालवणाऱ्या दीदींना म्हणाले. दीदी बाक बघायला जमलेल्या आम्हा गल्लीतल्या बायकांकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "तो पहले आप लोग बैठिए." थंडीचे दिवस होते. दुपार कलल्यावर मी धीर करून मटारच्या शेंगांची परात घेऊन तिथं जाऊन बसले. थोड्या वेळानं शेजारीण आली आणि न विचारताच शेंगा सोलू लागली. मग आणखी दोघी आल्या. त्या मला निमोना, म्हणजे वाटलेल्या मटारचा तिकडचा रस्सा, कसा करायचा ते सांगत होत्या, मी त्यांना आमची मटारची उसळ सांगत होते. काका बराच वेळ फाटकातून बघत होते, शेवटी जवळ आले आणि म्हणाले, "थोड़ी जगह मिलेगी?" आम्ही हसून सरकलो. यजमान आता निवृत्त झालेत, तरी आम्ही इथेच, याच गल्लीत आहोत. नागपूरला परत कधी येताय, असं बहीण विचारते, तेव्हा मी सांगते, अगं, संध्याकाळी मला इथं खालून हाक मारणारी माणसं आहेत.