जिंकल्यानंतरचा इतिहास

शालूताई गेल्याची बातमी मला बोरगावहून परतताना बसमध्ये कळली. त्या दिवशी नुसतं रडू आलं. संताप आला तो तेरवीनंतर... सौंसरच्या चौकात त्यांच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता आणि खाली त्यांच्या नावानं वाक्य होतं : ‘जिंकणाऱ्यानं मागं वळून पाहू नये.’

शालूताई असं कधीच बोलल्या नव्हत्या. सौंसरच्या शाळेत आम्ही बरोबरच होतो. त्या इतिहास शिकवायच्या, मी गणित. ‘राजा जिंकला कसा, ते परीक्षेपुरतं लिहा. जिंकल्यावर काय करून बसला, ते ध्यानात ठेवा,’ असं त्या पोरांना बजावायच्या.

गेल्या वर्षी इथल्याच एका पुढाऱ्यानं निवडणुकीआधी पांढुर्ण्यात कार्यकर्त्यांचं शिबिर भरवलं. ‘जुन्या विजेत्यांकडून काय शिकावं’ यावर बोलायला शालूताईंना बोलावलं.

“ताई, काहून जाऊन राहिल्या तुम्ही तिथं?” मी विचारलं.

“ऐकणारे आहेत ना,” त्या म्हणाल्या.

मीही सोबत गेले. सिकंदराची चपळाई, शत्रूत फूट पाडण्याची हातोटी... टाळ्यांवर टाळ्या पडल्या. मग बोलता बोलता ताई बियास नदीपाशी आल्या. थकलेलं सैन्य तिथं अडून बसलं, सिकंदराला वळावं लागलं. पण परतताना त्यानं फौज वाळवंटात घातली. एवढ्या लढाया जिंकलेली माणसं पाण्यावाचून मेली. “तुमची माणसं तुम्हाले खरं सांगून राहिली का, भाऊ?” त्यांनी पुढाऱ्यालाच विचारलं.

माइक बंद पडला. लगेच शाल-श्रीफळ पुढं आलं. “थांबा, माझं संपलं नाही,” असं म्हणून ताई वर्गातल्या आवाजात शेवटपर्यंत बोलल्या.

फ्लेक्स त्याच पुढाऱ्याचा होता. मी त्याच्या कार्यालयात गेले. “हे वाक्य त्यांचं नाही. काढा.”

“मॅडम, आम्ही तं सन्मानच करून राहिलो,” तो हसून म्हणाला.

जिवंतपणी जिचा आवाज बंद केला, तिच्या तोंडी मेल्यावर आपलं वाक्य घालायचं, आणि याला सन्मान म्हणायचं? फ्लेक्स काही निघाला नाही. आठवड्यानं त्यावर याच साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला.

परवा ताईंच्या घरी गेले. त्यांच्या खोलीत सिकंदराच्या मोहिमेचा नकाशा अजून टांगलेला आहे. शिकवणीच्या प्रत्येक पोराला ताई परतीच्या, वाळवंटातल्या वाटेवरून बोट फिरवायला लावत. तिथला कागद झिजून पार विरलाय, गावांची नावंही पुसली गेलीत. सिकंदर जिंकत आला ती वाट मात्र अजून नव्यासारखी कोरीच आहे.