ठमीला दिलेली अर्धी गोळी

ठमी कशानं गेली ते कळल्यानंतरचे एकोणीस दिवस मी आमच्या ग्रामदैवतासमोर, धावीर महाराजांसमोर, एकच मागणं मागत होतो, आणि ते सांगायची मला आजही लाज वाटते. माणसं देवाकडे आजारातून सुटका मागतात, नोकरी मागतात, मुलाबाळांचं सुख मागतात. मी मागत होतो, की माझ्या आईला खरं कधीच कळू नये.

ठमी आमची मांजर. रोह्याला आमच्या घरात आई आणि मी दोघंच. माझं लग्न राहून गेलं, वडील जाऊन बारा वर्षं झाली. मी सकाळच्या एस्टीनं पेणला जातो, रामवाडीजवळच्या एका औषधाच्या दुकानात काउंटरवर काम करतो आणि संध्याकाळी परत येतो. मधला सगळा दिवस आई एकटी. सहा वर्षांपूर्वी मागच्या अंगणात लाकडांच्या ढिगात एक पिल्लू ओरडताना सापडलं, ते आईनं पदरात घालून आत आणलं आणि तेव्हापासून तिचा दिवस त्या पिल्लाभोवती फिरायला लागला. आई तिच्याशी बोलायची, तिला रागवायची, शेजारणीच्या तक्रारी तिला सांगायची. मी कामावरून आलो की आधी ठमीनं दिवसभर काय केलं ते मला ऐकावं लागायचं, मग चहा मिळायचा.

एका रविवारी ठमी मलूल झाली. दुपारी आईनं तिला बांगड्याचं डोकं घातलं होतं, ते तिनं अर्धवट खाऊन टाकून दिलं. संध्याकाळपर्यंत ती कोपऱ्यात अंग चोरून बसली आणि हात लावला तर चांगलीच गरम लागली. रविवार असल्यामुळे गुरांचा दवाखाना बंद होता. मी म्हटलं, ताप आहे, दुसरं काही नाही. चौदा वर्षं मी तापाच्या गोळ्या देतोय. लहान मुलाला किती, म्हाताऱ्याला किती, मला झोपेतसुद्धा सांगता येतं. आई देवापाशी दिवा लावत होती, तेवढ्यात मी नेहमीची तापाची गोळी मोडून अर्धी कुटली, दुधात कालवली आणि ड्रॉपरनं ठमीच्या तोंडात घातली. आईला सांगितलंसुद्धा नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नव्हतं.

सकाळी निघताना पाहिलं तर ती धापा टाकत होती. तोंड जरा सुजल्यासारखं दिसत होतं आणि हिरड्यांचा रंग मला विचित्र वाटला, मातकट, निळसर. मी ते पाहिलं. मला दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण एस्टीची वेळ झाली होती. ताप उतरताना होत असेल असं, दुपारपर्यंत बरं वाटलं नाही तर दवाखान्यात घेऊन जा, असं आईला सांगून मी गेलो. अकराच्या सुमारास दुकानात फोन वाजला. आई एवढंच म्हणाली, "ठमी गेली रे."

आम्ही तिला मागच्या अंगणातच पुरलं. खड्डा खणताना आई कडेला उभी राहून पुन्हा पुन्हा म्हणत होती, की काटाच अडकला असणार, म्हणून तिला श्वास घेता येईना. बांगड्याचं डोकं आपण घालायला नको होतं, आपल्याच हातानं आपण तिचा जीव घेतला. मी तिची समजूत काढत होतो आणि तेव्हा मलाही खरोखर ठाऊक नव्हतं. कळलं ते दोन दिवसांनी. एस्टीत बसल्या बसल्या, हिरड्यांचा तो रंग डोळ्यांपुढून जाईना म्हणून, मी मोबाइलवर शोधायला लागलो. माणसाच्या तापाची ती साधी गोळी मांजरीला विष होते, तिच्या शरीराला ती पचवताच येत नाही, असं तिथे लिहिलं होतं. तोंडाची सूज, धाप, हिरड्यांचा रंग, सगळं जसंच्या तसं. नागोठण्याला गाडी थांबली, लोक उतरले, चढले. माझ्या शेजारी कोण बसलंय तेही मला कळत नव्हतं.

त्या दिवसापासून माझा जीव ठिकाणावर राहिला नाही. दुकानात एकेक पाकीट मी तीन-तीनदा वाचायचो. गिऱ्हाईक पैसे देऊन पायरी उतरलं, तरी त्याला परत बोलावून पिशवीत काय घातलंय ते पाहायचो. साधी डोकेदुखीची गोळी मागितली तरी कुणासाठी, वय किती, आधी काय घेतलंय, असं विचारत बसायचो. शेठ दोनदा चिडले. गर्दीच्या वेळी तू पोलिसासारखा चौकशी करतोस, म्हणाले.   आणि डोक्यात एकच गिरणी चालू. सोमवारी सकाळी गाडी सोडली असती तर? रविवारी रात्र जाऊ दिली असती, गोळी दिलीच नसती, तर नुसत्या तापातून ती उठली असती का? गोळी देण्याआधी हे मोबाइलवर शोधायला मला किती वेळ लागला असता?

घरी त्याहून वाईट होतं. आईनं घरात मासे आणणं बंद केलं. जन्मभर जिला माशाच्या कालवणाशिवाय घास उतरला नाही, ती डाळभात कालवून चार घास खायची आणि ताट बाजूला सारायची. शेजारीण चौकशीला आली की तिलाही तेच सांगायची, "माझ्याच हातानं गेली गो ती." मी शेजारच्या खोलीत बसून ते ऐकायचो. एक वाक्य बोललो असतो तर तिच्या मनावरचा तो भार उतरला असता. पण लाज आड यायची. या घरात औषधातलं कळणारा मी. कुणाला काय झालं की आई अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवायची. मी गप्प बसलो, आणि रोज सकाळी धावीर महाराजांपुढे हात जोडून तेवढंच मागत राहिलो, की हे बाहेर येऊ देऊ नका.

विसाव्या दिवशी सकाळी देवळात गेलो. लहानपणापासून मी त्या देवळात जातोय, पण तसा कधी उभा राहिलो नव्हतो. आदल्या संध्याकाळी आई जेवलीच नव्हती. रोजचं मागणं मागायला ओठ उघडले आणि शब्द फुटेना. मी कुणापुढे काय मागतोय, याची एकदम शरम वाटली. राखणदार म्हणून ज्याला आम्ही मानतो, त्याला मी माझ्या खोटेपणाची राखण करायला सांगत होतो.  शेवटी एवढंच म्हणालो, "मला सुचत नाही. तुम्हीच काय ते करा." आणि गाडी पकडायला निघालो.

दुपारी बाराच्या आसपास एक मुसलमान बाई दुकानात आल्या. साठीच्या असतील, आधी कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. त्यांनी गोळ्यांचं एक रिकामं पाकीट पुढे केलं आणि हीच द्या म्हणाल्या. तीच गोळी. मी सवयीनं विचारलं, कुणासाठी? मागे शेठनी उसासा टाकलेला मला ऐकू आला. बाई हसल्या. म्हणाल्या, "माझ्या मांजरीसाठी. सकाळी पाव तुकडा दिलाय, आता दुसरा द्यायचाय. अंग तापलंय तिचं."

 मी विचारलं, किती वाजता दिलात? नऊ वाजता, त्या म्हणाल्या. आणि मग जे वाक्य एकोणीस दिवस मी आईला सांगू शकलो नव्हतो, ते भर दुकानात, शेठसमोर, चार गिऱ्हाइकांसमोर बाहेर पडलं. "देऊ नका. मी आमच्या मांजरीला दिली होती. ती मेली."

 माझ्या तोंडाकडे पाहून शेठनी मान हलवली, जा म्हणून. बाई आणि मी रिक्षानं त्यांच्या घरी निघालो. त्यांचं नाव हमीदाबी. मुलगा कुवेतला असतो, घरात त्या आणि ती मांजर, एवढंच, हे त्यांनी वाटेत सांगितलं. मांजर पलंगाखाली बसून होती. धाप लागायला नुकती सुरुवात झाली होती. भाजीच्या टोपलीत घालून, वर ओढणी बांधून आम्ही तिला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर त्या वेळी सहसा गावांतून फिरतीवर असतात. त्या दिवशी त्यांची जीप वेळेवर आली नव्हती, म्हणून ते ओट्यावर वाट पाहत उभे होते. यात काय समजायचं ते ज्यानं त्यानं समजावं. मी फक्त झालं ते लिहितोय.

त्यांनी मांजरीचं तोंड उघडून पाहिलं, किती गोळी, किती वाजता, ते विचारलं आणि म्हणाले, यावर उपाय आहे, पण तो आत्ता माझ्याकडे शिल्लक नाही. माणसांचा कफ पातळ करायला देतात तेच औषध लागतं. औषधाच्या दुकानात मिळेल. त्यांनी नाव सांगितलं.  ते औषध आमच्या दुकानात होतं. काउंटरच्या मागे, माझ्या डोक्याच्या वरच्या फळीवर. आई फोनवर ठमी गेली म्हणून सांगत होती, तेव्हाही ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

मी धावत सुटलो. रिक्षाची आठवणच झाली नाही. औषध आणलं, डॉक्टरांनी दिलं, सलाईन लावलं. मी आणि हमीदाबी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. त्यांच्या हातात तसबीह होती, त्या एकेक मणी ओढत होत्या. मी मनातल्या मनात धावीर महाराजांना हाका मारत होतो. मागत मात्र काही नव्हतो. चारच्या सुमाराला डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, बहुतेक वाचेल. तेव्हा धीर करून मी माझा प्रश्न विचारला. आमची मांजर सोमवारी सकाळी आणली असती तर? ते खोटं बोलले नाहीत. "रात्रीच आणली असती तर शक्यता होती," म्हणाले. "सकाळी? सांगता येत नाही. आणि गोळी दिली नसती तर हा प्रश्नच नव्हता."

मला वाटलं होतं, हे उत्तर ऐकलं तर मी कोसळेन. पण झालं उलटंच. ती गिरणी थांबली. व्हय की नाय, व्हय की नाय, म्हणून जे चाललं होतं त्याचा निकाल लागला होता. निकाल माझ्या विरुद्ध होता, तरी तो निकाल होता. निघताना हमीदाबींनी विचारलं, तुमच्या आईला ठाऊक हाय का? मी नाही म्हटलं.  त्या म्हणाल्या, "आज घरी गेलात की आधी तेच करा. चहाबी त्यानंतर घ्या."

आई तांदूळ निवडत बसली होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. अर्धी गोळी, दूध, ड्रॉपर, हिरड्यांचा रंग, मोबाइलवरचं वाचन, आजची हमीदाबींची मांजर. बांगड्याचा काही दोष नव्हता हे सांगितलं. आईचे हात सुपात तसेच राहिले.

तिनं विचारलं, "गोळी देताना तुला कळत होतं?"

"नाही."

"आणि कळलं कधी?"

"ती गेल्यावर दोन दिवसांनी."

 आई म्हणाली, "मांजरीला मारलंस ते न कळून. मला इतके दिवस जाळलंस, ते कळून." आणि सूप उचलून आत गेली.

हे वाक्य मी जन्मात विसरणार नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं. इतके दिवस मी माझ्या चुकीचा शोध गोळीत घेत होतो. चूक झाली होती, पण अजाणता झाली होती. खरं पाप त्याच्या नंतरचं होतं, आणि ते लपून राहावं म्हणून मी देवाला साकडं घालत होतो. माझं मागणं ऐकलं गेलं असतं तर आई त्याच समजुतीत सुकत गेली असती, आणि हमीदाबींच्या हातात मी ती गोळी, काही न बोलता, ठेवली असती की काय कोण जाणे. आपल्याला काय हवं ते आपल्याला कळतंच असं नाही. त्या सकाळी मला सुचलं नाही, हीच माझ्यावर झालेली कृपा असं मी आता मानतो.

आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची आणि उठून जायची. तिसऱ्या दिवशी मी निघताना तिनं दारातून विचारलं, "त्या बाईंची मांजर कशी हाय?" मी म्हटलं, बरी आहे, खायला लागलीय. आई म्हणाली, "मला बघायला ने."

रविवारी आम्ही दोघं पेणला गेलो. हमीदाबींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि माशाचं कालवण केलं होतं. आईनं मासे सोडल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आईनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि भाकरीचा तुकडा मोडला. मांजर आईजवळ काही आली नाही. दुरून पाहिलं आणि कपाटावर जाऊन बसली. आई म्हणाली, बरोबर हाय, ओळख कुठे हाय आमची. मग त्या दोघी घरात एकटं असलं की दिवस कसे जातात यावर बोलत बसल्या, आणि मी दाराशी उभा राहून दोघींना ऐकत होतो. डोळे भरून आले होते, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं आणि तेच बरं होतं.

ठमीची आठवण येते. दुकानात कुणी तापाची गोळी मागितली की आजही कुणासाठी, हा प्रश्न मी विचारतोच. शेठ आता चिडत नाहीत. देवळात रोज जातो. मागणं काही उरलेलं नाही. आदल्या दिवशी जे झालं असेल, चांगलं किंवा वाईट, ते मी महाराजांना सांगतो, काही वगळत नाही, आणि गाडीची वेळ झाली की निघतो.