व्हर्जिलच्या पिशवीतला चेंडू

आमची सँड फोर्क बेसबॉल लीग सहा गावांची. नेब्रास्काच्या मक्याच्या पट्ट्यात बरीच वर्षं चालली आणि चौपन्न साली संपली. घरोघरी टेलिव्हिजन आला, लोक मैदानावर येईनासे झाले. तिचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा जाणता माणूस हवा. मी हॅडलीच्या संघात बाकावर बसणारा. मला व्हर्जिल स्ट्रोमक्विस्ट तेवढा नीट आठवतो.

व्हर्जिलचं हॅडलीतच मांसाचं दुकान होतं. शेवटच्या वर्षी लीगला बाहेरचा पंच परवडेना, म्हणून अंतिम सामन्यालाही तोच उभा राहिला. समोरच्या वेस्लर गावानंही हरकत घेतली नाही.

शेवटचा डाव, बरोबरी, आमचे दोन गडी बाद; तिसरा गेला की डाव संपणार. ड्वेन कुबिकनं चेंडू कुंपणापार मारला. मैदानाच्या चार कोपऱ्यांवरच्या चारी बेसना ओळीनं पाय लावून तो परत आला, की लीगचा शेवटचा करंडक आमचा. तिसऱ्या बेसपाशी आमचा मॅनेजर आर्लो उभा होता, व्हर्जिलचा सख्खा मेहुणा. होमरन मारणाऱ्यानं तिथे मॅनेजरशी हात मिळवायचा, हा रिवाजच. हात मिळवण्याच्या नादात ड्वेन बाहेरून गेला आणि बेसला पाय लावायचा राहिला.

हे व्हर्जिलनं पाहिलं, वेस्लरच्या पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानंही. पण समोरच्यांनी त्या बेसवर चेंडू नेऊन दाद मागेपर्यंत पंचानं बोलायचं नसतं. मारलेला चेंडू तर मक्यात हरवलेला. दुसरा होता व्हर्जिलच्या कमरेच्या पिशवीत.

आमचे लोक नाचत मैदानात घुसले होते. त्यांच्यातून वाट काढत पिचर आला.

"व्हर्जिल, एक चेंडू दे."

आर्लोला उमगलं. "दाजी, संपलेत म्हणून सांगा. घरी चला, ताईनं कोंबडी तळलीय."

"तू गप रे."

व्हर्जिलनं नवा चेंडू काढला, पँटला पुसला आणि दिला. पिचरनं तो तिसऱ्या बेसवरच्या आपल्या गड्याकडे फेकला, त्यानं झेलून बेसला पाय लावला.

"आऊट," व्हर्जिल म्हणाला.

"उद्यापासून तुझं मांस तूच खा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. ड्वेनची धाव गेली, बरोबरी तशीच राहिली, आणि वाढीव डावात आम्ही हरलो.

तो आठवडाभर त्याच्या दुकानाकडे कुणी फिरकलं नाही. मी समोरच्या गॅरेजात कामाला होतो. रोज सकाळी तो धुतलेला एप्रन बांधून गल्ल्यामागे उभा राहायचा, संध्याकाळी दिवा मालवायचा. शनिवारी ड्वेन आत शिरताना दिसला, तसा मीही गेलो.

"खरंच राहिला होता पाय?" ड्वेननं विचारलं.

"वीतभर."

ड्वेन तराजूच्या काट्याकडे बघत राहिला. "आर्लो हात सोडतच नाही लवकर," तो म्हणाला. "दोन पौंड चॉप्स दे. जाड काप."

"जाडच कापतो मी."

तेवढ्यात दारात आर्लो आला, टोपी हातात घेऊन. व्हर्जिलनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. आमचं सगळं बांधून होईपर्यंत त्याला तसाच उभा ठेवला, आणि मग विचारलं, "बोल, काय देऊ?"